मूठभर पाला

डॉक्टर: काका, खुर्ची सोडा आता. बाहेर चाळीस पेशंट ताटकळलेत.

टर्नर: मीही त्यांच्यातलाच. सकाळी सातला नंबर लावला, एकविसावा मिळाला, तो लागला म्हणून आत आलो. कुणाला ओलांडून आलेलो नाही.

डॉक्टर: नंबर तपासून घेण्यासाठी असतो. तुम्हाला काय होतंय ते सांगा.

टर्नर: मला काही धाड भरलेली नाही. दुखणं या कागदाला आहे.

मुलगी: मॅडम, मी माफी मागते. आई तीन आठवड्यांपूर्वी तुमच्याच वॉर्डात गेली. विम्यासाठी तिच्या केसपेपरची नक्कल काढली आणि तेव्हापासून यांनी घर डोक्यावर घेतलंय. बाबा, उठा. आपण खाली जाऊन बोलू.

टर्नर: खाली कुणाशी बोलू? चहावाल्याशी? ओळ यांनी लिहिलीय.

डॉक्टर: कुठली ओळ?

टर्नर: मी बोट ठेवलंय तिथून वाचा. जरा मोठ्यानं.

डॉक्टर: ‘रुग्णाने नियमित औषधे बंद करून झाडपाल्याचे घरगुती उपचार घेतले.’ बरं. मग?

टर्नर: मग ते खोटं आहे. दुरुस्त करा.

डॉक्टर: असं मनात आलं की दुरुस्त करता येत नाही. फाइल पूर्ण झालीय. उद्या ती रेकॉर्डच्या खोलीत जाईल.

टर्नर: म्हणूनच आज आलो. उद्यापासून ती ओळ झुरळं वाचणार.

डॉक्टर: त्या ओळीमुळे विम्याचं काम अडणार नाही, एवढं मी तुम्हाला खात्रीनं सांगते.

टर्नर: विमा गेला खड्ड्यात. बाई, मी चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभा होतो. एखादा जॉब बिघडला तर त्याच्या कार्डावर कारण लिहावं लागायचं. माल वाईट होता, हत्यार बोथट होतं, की माणसाचा हात चुकला. खोटं कारण लिहिलं की पुढचा जॉबही तसाच बिघडायचा. तुम्ही माझ्या बायकोच्या कार्डावर लिहिलंय, माल वाईट होता.

डॉक्टर: मी असं काहीही लिहिलेलं नाही.

टर्नर: हेच लिहिलंय. बाई हट्टी होती, गोळ्या फेकून पाला चघळत बसली आणि मेली. जो कोणी वाचेल त्याला हेच कळणार.

मुलगी: बाबा, मग ती पाला घेत नव्हती का? मॅडम, स्वयंपाकघरात डबा भरलेला असायचा गुडमारच्या पाल्याचा, साखर उतरते म्हणून. फोन केला की गोळीचा शब्द नाही, नुसतं काढ्याचं गुणगान. मी किती डोकं फोडलं तिच्यापुढे. आणि हे तिथंच बसून पेपर वाचायचे.

टर्नर: घेत होती. मी कुठं नाही म्हणतोय? चार वर्षं घेत होती. पण गोळी सोडली नव्हती. गोळीही घ्यायची आणि काढाही घ्यायची.

डॉक्टर: काका, राग मानू नका. घरचे सगळेच असं सांगतात. मागच्या महिन्यात एक बस कंडक्टर आला. साखरेची इंजेक्शनं सोडून आठ महिने कसलीशी पावडर खात होता. आला तेव्हा पायाचा रंग बघूनच मला कळलं. गुडघ्याखाली कापावा लागला. त्याची बायकोही शपथेवर सांगत होती, इंजेक्शन चालू होतं म्हणून. तेव्हा असं कुणी सांगितलं की माझा चटकन विश्वास बसत नाही.

टर्नर: बसू नये. मीही कुणाच्या शब्दावर जॉब पास केला नाही. म्हणून वस्तू आणलीय. ही घ्या.

डॉक्टर: हे काय?

टर्नर: गोळ्यांची डबी. मी केलेली. अॅल्युमिनियमच्या तुकड्यात सात भोकं पाडली, वर फिरतं झाकण बसवलं. प्रत्येक भोकापुढे वाराचं अक्षर कोरलंय. रविवारी संध्याकाळी ती सात गोळ्या भरायची आणि रोज सकाळी झाकण एक घर पुढं सरकवायची. तिला इथं आणलं तो गुरुवार होता. उघडा.

डॉक्टर: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार रिकामे. शुक्रवारपासून तीन आहेत.

टर्नर: तेव्हापासून मी झाकण फिरवलेलं नाही.

मुलगी: ही डबी मला कधी दिसली नाही.

टर्नर: शिलाई मशीनच्या खणात असायची. बॉबिनच्या बाजूला. मशीनवर बसायच्या आधी गोळी, मग दोरा ओवायचा. तू आलीस की तिला मशीनवर बसू देत नव्हतीस, खण उघडणार कधी?

डॉक्टर: यातली एक गोळी मी बाहेर काढते. हिची पट्टी आहे का?

टर्नर: आहे. हे दुकानाचं बिलही आहे. दर महिन्याचं. काढू का सगळी?

डॉक्टर: नको. पट्टी पुरे. ही रोज घेत होत्या?

टर्नर: सहा वर्षं. एक दिवस चुकला नाही. माझी दाढी चुकायची, तिची गोळी चुकायची नाही.

डॉक्टर: त्या दिवशी सकाळीही घेतली होती?

टर्नर: सातला. नऊला स्वयंपाकघराच्या दारात बसली ती बसलीच. घामानं भिजली, जीभ जड झाली, मला ओळखेना. साडेनऊला रिक्षा, दहाला इथं. का हो? पेपर परत कशाला चाळताय?

डॉक्टर: काही नाही. पण मला हे असं सांगितलं गेलं नव्हतं, काका. मी मनानं ओळ रचली नाही. भरती करताना मी विचारलं होतं, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का. उत्तर मिळालं, नाहीत, बंद केल्यात, झाडपाला घेते.

टर्नर: कुणी सांगितलं? मी तर पेपर काढायच्या रांगेत होतो. बायको आत बेशुद्ध, आणि खिडकीवरचा माणूस मला पिनकोड विचारत होता.

डॉक्टर: इथं लिहिलेलं असतं. माहिती देणाऱ्याचं नातं.

टर्नर: काय लिहिलंय?

मुलगी: मुलगी लिहिलंय, बाबा. मी सांगितलं.

टर्नर: तू?

मुलगी: मी ऑफिसमधून परस्पर इथं पोहोचले. मॅडमनी विचारलं. मला वाटलं तेच खरं आहे. महिन्यापूर्वी फोनवर ती म्हणाली होती, आता मला कशाची गरज नाही, साखर अगदी सरळ चाललीय. मी समजले की गोळ्या बंद केल्या. भांडायचं म्हणून मी फोन ठेवला. विचारलं नाही.

टर्नर: बरं.

मुलगी: बरं काय? बोला मला. तुम्ही घरी इतके दिवस त्या ओळीला शिव्या घालताय, कुठल्या गाढवानं लिहिलं म्हणून, आणि मी समोर बसून कणीक मळतेय.

टर्नर: तू चुकीचं सांगितलंस. मुद्दाम नाही सांगितलंस. दोन्ही मला कळतं. रडायचं असेल तर रड, पण इथून उठू नकोस. अजून संपलेलं नाही. बाई, आता तुम्ही बोला. ती ओळ खरी असती तर काय, आणि खोटी आहे तर काय? मला सोप्या भाषेत सांगा. मी सातवी शिकलोय, पण मशीन कसं चालतं ते मला समजतं.

डॉक्टर: काका, हे आत्ता ऐकायलाच हवं का?

टर्नर: आत्ताच.

डॉक्टर: आणलं तेव्हा त्यांची साखर एकतीस होती. फार खाली. ग्लुकोजची ड्रिप लावली, अकराच्या सुमारास त्या शुद्धीवर आल्या.

टर्नर: आली ना. मला म्हणाली, चपला वेगवेगळ्या घालून आलात. बघितलं तर खरंच, एक माझी आणि एक शेजाऱ्याची. वॉर्डातल्या बाया हसल्या.

डॉक्टर: एक वाजता साखर एकशे ऐंशी आली. मी ड्रिप बंद केली.

टर्नर: का बंद केली?

डॉक्टर: कारण मी धरून चालले होते की गोळी पोटात नाही. बाई उपाशी राहिल्या असतील, म्हणून साखर उतरली. ग्लुकोज दिलं, खाल्लं, झालं. पण ही गोळी वेगळी आहे. ही शरीरात दिवसभर, कधी दीड दिवसही काम करत राहते. म्हाताऱ्या माणसात आणखी जास्त. वरून साखर देणं थांबवलं की ती परत खाली ओढते. गोळी घेतल्याचं माहीत असतं, तर मी चोवीस तास ड्रिप काढली नसती. दर तासाला साखर बघितली असती.

टर्नर: आणि चारला ती झोपली.

डॉक्टर: हो.

टर्नर: मला वाटलं, दमलीय. मी पंखा कमी केला. चादर ओढली अंगावर. सहाला नर्सबाईंनी हलवलं तेव्हा उठेना.

डॉक्टर: तेव्हा चोवीस होती. मग आम्ही सगळं केलं, पण मेंदूला तोपर्यंत... काका, मी तुमच्यापासून काही लपवत नाहीये.

टर्नर: तुम्ही लपवताय असं मी म्हणालो नाही. ती ओळ लपवतेय.

मुलगी: म्हणजे मी जर नाही म्हणाले नसते...

डॉक्टर: ताई, मी पट्ट्या बघायला मागायला हव्या होत्या. वडिलांना रांगेतून बोलवायला हवं होतं. ते मी केलं नाही. सगळं तुमच्या एका वाक्यावर टाकू नका.

टर्नर: कुणीही काही स्वतःवर ओढून घेऊ नका इतक्यात. माझी पाळी राहिलीय.

मुलगी: तुमची कसली पाळी?

टर्नर: बाई, तुम्हाला एक गोष्ट विचारायची सुचली नाही. सहा वर्षं गोळी, चार वर्षं पाला. दोन्ही एकत्र. चार वर्षांत एकदाही घाम नाही, चक्कर नाही. मग त्याच आठवड्यात काय झालं?

डॉक्टर: तेच मी मनात विचार करतेय. त्या आठवड्यात जेवण कमी होतं का?

टर्नर: थोडं कमी होतं. आदल्या शनिवारी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर पट्टी, वाफेपुढे जायचं नाही म्हणून बजावलेलं. तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे. माझ्या हातचं किती जेवणार माणूस? पण तेवढ्यानं एकतीस होत नाही.

डॉक्टर: आणि काढा?

टर्नर: काढाही माझ्याकडे. रविवारपासून मी करत होतो. चिंगे, पिशवी दे इकडे. वजनाचा काटाही तिच्यातच आहे.

मुलगी: या पिशवीत पाला आहे होय? मला वाटलं, तुमचा डबा आहे. बाबा, दवाखान्यात पाला घेऊन आलात?

टर्नर: टेबलावरचं ते सगळं जरा सरकवा, बाई. हा आपला बॅटरीवरचा काटा. शून्य दाखवतोय ना? बघून घ्या, मागाहून भांडण नको. चिंगे, हात घाल पिशवीत आणि मूठ भर. नेहमीसारखी. दाबून नाही, सैलही नाही.

मुलगी: मी कशाला?

टर्नर: तिच्या बांगड्या तुला साबण न लावता चढल्या म्हणून. भर.

(मुलगी पिशवीत हात घालते. सुकलेली पानं काट्यावर पडतात.)

डॉक्टर: सात ग्रॅम.

टर्नर: आता माझी.

डॉक्टर: पंधरा.

टर्नर: दुप्पट, आणि वर एक. हा हात बघा. चौतीस वर्षं यानं लेथचा चक आवळलाय. त्या चौतीस वर्षांत मी सुताच्या फरकानं जॉब सोडला नाही. केसाची जाडी मोजायचो. आणि तिनं सांगितलं, मूठभर पाला घ्या, दोन पेले पाणी, अर्ध्यावर आटवा. मी पेले मोजले. आटवलेलं पाणी पट्टी लावून मोजलं. मूठ नाही मोजली. मूठ म्हणजे मूठ. ती कुणाची, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मुलगी: बाबा.

टर्नर: थांब. पहिल्या दिवशी ती म्हणाली, आज फार कडू झालाय. मी म्हणालो, औषध आहे, सरबत नाही. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू, तिला रंग दिसत नव्हता. मी केलाय म्हणून प्यायली. पाच दिवस, तळापर्यंत. बुधवारी म्हणाली, अंगात कापरं भरल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, ऑपरेशनचा अशक्तपणा.

डॉक्टर: तुम्हाला हे कधी लक्षात आलं?

टर्नर: ती गेल्यावर आठ दिवसांनी. डबा आवरायला घेतला. महिन्याचा पाला ती महिन्याच्या पहिल्या तारखेला भरायची, तीस मुठी. डब्यात जेवढा उरायला हवा होता तेवढा नव्हता. पाच मुठी कमी होत्या. मी दोनदा मोजला. मग शेजारणीला म्हणालो, जरा मूठ भरून दाखव. ती घाबरली, म्हणाली, काकांचं डोकं फिरलं.

डॉक्टर: हा पाला त्यांना दिला कुणी?

टर्नर: ब्लाउज शिवून घ्यायला येणारी एक म्हातारी. झाडपाल्याचं जाणणारी. मी परवा तिला शोधून काढलं, लांब राहते. विचारलं, माप काय सांगितलं होतंस? म्हणाली, ज्यानं प्यायचं त्याची मूठ. लहान अंगाला लहान मूठ, मोठ्या अंगाला मोठी. दुसऱ्यानं कधी भरायची नाही. हा पहिला नियम. तिनं माझ्या बायकोला सांगितला होता. बायकोनं मला सांगितला नाही, कारण आपण पाच दिवसांसाठी नवऱ्याला नियम कशाला सांगायचा. आणि मी विचारला नाही, कारण पाल्याला कसला आलाय नियम.

डॉक्टर: काका, सात-आठ ग्रॅम जास्त पाल्यानंच हे झालं, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. गोळी होती, जेवण कमी होतं, पाला वाढला. तिन्ही एका दिशेनं गेली. असं होऊ शकतं, इतकंच म्हणता येईल.

टर्नर: मग तेवढंच लिहा. होऊ शकतं म्हणून लिहा.

डॉक्टर: म्हणूनच आम्ही सांगतो ना, हे घेऊ नका.

टर्नर: नाही. तुम्ही घेऊ नका असं सांगत नाही. तुम्ही थोतांड म्हणता. दोन्हींत फरक आहे. चार वर्षांपूर्वी ती तुमच्याच खालच्या ओपीडीत भाबडेपणानं बोलून गेली, गोळीबरोबर काढा घेते म्हणून. तिथल्या साहेबांनी कागद टेबलावर आपटला. थोतांड करायचं तर इथं येऊ नका म्हणाले. चारचौघांत. त्यानंतर ती गोळीबद्दल विचारलं की हो म्हणायची आणि काढ्याबद्दल गप्प बसायची. बाई, थोतांडानं माणूस मरत नाही. ज्याच्यात दम असतो त्यानंच मरतो. साहेबांनी त्या दिवशी एवढंच विचारलं असतं, किती घेता, कसा घेता, तर तिच्या कागदावर मूठ आली असती. आणि कागदावर आली असती, तर डोळ्याच्या डॉक्टरनं वाचली असती, तुम्ही वाचली असती, मीही वाचली असती.

डॉक्टर: त्यात दम नाही असं मीही म्हणणार नाही. गुडमारवर अभ्यास झालेत. थोडी साखर उतरते असं काहींत दिसतं. साखरेच्या आणखी एका नेहमीच्या गोळीचा शोध मुळात एका झाडावरूनच लागला. पण अभ्यास छोटे आहेत. आणि कुठला पाला, कधी तोडलेला, किती घ्यायचा, कुठल्या गोळीबरोबर चालतो, याचं अजून पक्कं माप नाही.

टर्नर: माप नाही. मग एवढा वेळ मी काय सांगतोय?

डॉक्टर: काका, तुम्ही जे मागताय त्याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मी हे लिहिलं, तर कागदावर येईल की नवऱ्यानं दुप्पट काढा दिला. आत्ता आहे त्या ओळीत तुमचं नावनिशाण नाही. ती ओळ तुमच्यासाठी बरी आहे.

टर्नर: माझ्यासाठी बरी आहे म्हणूनच सहन होत नाही. मी चुकायचं आणि कार्डावर तिचं नाव? चाळीस वर्षं तिनं माझे डबे भरले, माझ्या शर्टांची बटणं लावली. आता माझी चूकही तिनंच आपल्या माथी घ्यायची?

मुलगी: बाबा, पुरे. चूक म्हणू नका. तुम्ही काय मुद्दाम केलंत? लोकांना कळलं तर काय म्हणतील? आत्या काय म्हणेल? ती आधीच म्हणते, वहिनीला नीट सांभाळलं नाही.

टर्नर: आत्याला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं मी.

मुलगी: काय?

टर्नर: फोन करून. ती रडली, मग मला शिव्या दिल्या, मग जेवलास का म्हणून विचारलं. सांगायचं राहिलं होतं ते तुलाच. तुला घरात सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, इथं डॉक्टरांसमोर सांगावं. इथं तुला काही झालं तर निदान सोय आहे.

मुलगी: तुम्हाला अशा वेळीही बरे सुचतात विनोद.

टर्नर: सुचत नाहीत. तोंडातून निघतात.

डॉक्टर: मला दोन मिनिटं विचार करू द्या.

टर्नर: करा. बाहेरचे ओरडले तर मी जाऊन सांगतो.

डॉक्टर: ओरडण्याचा प्रश्न नाही. मृत्यूनंतर केसपेपरमध्ये बदल केला, तर कमिटी बसते. मला विचारतील, ड्रिप एक वाजता का काढली. पट्ट्या का बघितल्या नाहीत. मला इथं येऊन दीड वर्ष झालंय. माझी कायमची ऑर्डर अजून निघायचीय.

टर्नर: ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टर: आता कळलं. तरी मागताय?

टर्नर: तरी मागतोय. मी तुमच्याविरुद्ध अर्ज केलेला नाही, करणारही नाही. खोटं वाटत असेल तर तसं मी आधी लिहून देतो. पण ओळ मागतोय. नाही दिलीत तर उद्या परत नंबर लावीन. परवाही लावीन. मी रिटायर्ड माणूस आहे, घरी माझी वाट बघायला कोणी नाही.

मुलगी: मॅडम.

डॉक्टर: बोला.

मुलगी: लिहा तुम्ही. आणि आधीची माहिती मुलीनं दिली होती, ती चुकीची होती, तिनं खात्री केली नव्हती, हेही लिहा. मी सही करते. यांच्या एकट्याच्या नावावर नको.

टर्नर: तू मधे पडू नकोस.

मुलगी: का नको पडू? ती माझी आई नव्हती का? सगळ्यात जास्त चूक कुणाची, यातही तुमचाच पहिला नंबर लागायला हवा?

टर्नर: बघा, बाई. अगदी आईवर गेलीय.

डॉक्टर: आधीची ओळ मी खोडणार नाही, काका. तसं करता येत नाही आणि करूही नये. ती तशीच राहील. तिच्याखाली दुरुस्ती लिहीन, आजची तारीख, वेळ आणि माझी सही. चालेल?

टर्नर: चालेल. चुकलेलं मापही कार्डावर दिसायलाच हवं. आमच्याकडेही रबर वापरू देत नव्हते.

डॉक्टर: पाल्याचं नाव सांगा. म्हातारीनं जे सांगितलं ते.

टर्नर: गुडमार. वेलीचा सुकवलेला पाला. रोज सकाळी एक मूठ, सात ग्रॅम. शेवटचे पाच दिवस पंधरा. दोन पेले पाणी, एक पेला उरेपर्यंत.

डॉक्टर: या फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही.

टर्नर: समासात लिहा. पुढच्या वेळी छापताना घालतील.

डॉक्टर: नाही घालणार ते.

टर्नर: मग प्रत्येकाच्या समासात लिहा. हात मोडत नाही.

डॉक्टर: झालं. ऐका. ‘दुरुस्ती. रुग्ण मधुमेहाची गोळी सहा वर्षे नियमित घेत होती व भरतीच्या दिवशीही घेतली होती. त्यासोबत चार वर्षे गुडमारच्या पाल्याचा काढा, अंदाजे सात ग्रॅम. शेवटचे पाच दिवस काढा पतीने केला, पाला अंदाजे पंधरा ग्रॅम. त्या काळात आहार कमी. साखर परत उतरण्यामागे गोळी, कमी आहार आणि वाढलेला काढा यांचा एकत्रित परिणाम असू शकतो. भरतीवेळी मुलीने दिलेली माहिती चुकीच्या समजुतीतून होती. गोळ्यांची खातरजमा मी केली नाही. ड्रिप एक वाजता मी बंद केली.’

टर्नर: शेवटची दोन वाक्यं मी मागितली नव्हती.

डॉक्टर: माहीत आहे. इथं तुमची सही, काका. इथं तुमची, ताई.

मुलगी: एक विचारू? पहिलं वाक्य परत वाचाल का? तेवढंच.

डॉक्टर: ‘रुग्ण मधुमेहाची गोळी सहा वर्षे नियमित घेत होती.’

मुलगी: हो. घेत होती.

डॉक्टर: शिक्का मारते. ही मूळ प्रत फाइलला, ही तुमची. आता पुढच्यांना आत सोडू?

मुलगी: थँक यू, मॅडम. चला, बाबा. द्या, मी करते घडी.

टर्नर: थांब. शिक्का वाळू दे.